केळ्याचा डबा शोधताना : खान्देशातले चार दिवस

नाशिकजवळच्या एका फळप्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी अठ्ठावीस वर्षं गेली. आंब्याच्या गराचा ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, मोजायचा, सामू (पीएच; जितका कमी तितका पदार्थ आंबट) बघायचा, बंद केलेला डबा कापून त्याची शिवण तपासायची, फुगलेला डबा दिसला की अख्खा लॉट अडवायचा. आंबा, पेरू, अननस, टोमॅटो, मटार, सगळं हाताखालून गेलं. केळं मात्र डब्यात भरलेलं मी एकदाही पाहिलं नाही. आणि आजोळ माझं जळगावचं! लहानपणी मे महिन्यात केळीच्या बागेतल्या सावलीत झोपलेली मी. केळ्याला डबा का नाही, हा प्रश्न निवृत्तीनंतर स्वस्थ बसू देईना. जानेवारीच्या शेवटी पिशवी भरली आणि निघाले.

दिवस पहिला : जळगाव

दुपारी गाडीतून उतरले तेव्हा ऊन कोवळं होतं आणि वाऱ्यात गारवा होता. खान्देश बघायचा तर याच दिवसांत. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा बाहेरच्या माणसाने येऊच नये.

मावसभाऊ स्टेशनवर आला होता. घरी पोचेपर्यंत मागच्या अंगणात मावशीने कपाशीच्या काड्या पेटवून त्यात वांगी टाकली होती. ही भरताची वांगी हिरवी, पांढरट रेघांची, हातभर नसली तरी वीतभर नक्की, आणि आत बी जवळजवळ नाहीच. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, केळ्यालाही. गॅसवर भाजलेलं वांगं आणि काड्यांच्या जाळावर भाजलेलं वांगं यांत काय फरक असतो, ते सांगायला शब्द कमी पडतात. धुराचा वास थेट गरात उतरतो. मग लाकडी बडगीत घालून मुसळीने ठेचायचं, वरून तेलात परतलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. जेवण संपल्यावर मेहरूणची बोरं, गोल, लहान, आंबटगोड. ती नाशिकला मिळत नाहीत म्हणून मी जरा जास्तच खाल्ली.

मावशीला येण्याचं कारण सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘अगं, केळ्याचा कारखाना होता ना जळगावात. भुकटी करायचे. तो बंद पडला आणि त्यातूनच पुढे भवरलाल जैनांचा ठिबकचा सगळा उद्योग उभा राहिला.’’

हे मी वाचलेलं होतं, पण मावशीच्या तोंडून ऐकलं आणि सहलीचा नकाशाच बदलला. मावसभावाने चार दिवसांची रजा टाकली.

(भरताची वांगी थंडीतच चांगली मिळतात. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी नावाजलेली. घरी न्यायची असतील तर परतीच्या दिवशी सकाळी घ्या.)

दिवस दुसरा : फैजपूर, सावदा, रावेर

सहाला निघालो. भुसावळ मागे पडलं, तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली ती रावेरपर्यंत संपली नाही. उत्तरेला सातपुडा धुक्यात निळा दिसत होता. एवढ्या केळी एका नजरेत बसत नाहीत. डोळ्यांना हिरव्याचा थकवा यावा इतकी हिरवळ, आणि हा मुलूख पावसाचा नाही, विहिरीच्या आणि आता ठिबकच्या पाण्याचा आहे.

फैजपूरला चहासाठी थांबलो. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं ते इथे. अध्यक्ष नेहरू, आणि मंडप सजवायला शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले होते. गांधीजींनी इथे खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन उघडलं होतं. शेतातला माल गावातच तयार व्हावा, गावातच त्याची किंमत वाढावी, ही गोष्ट या मातीत तेव्हा बोलली गेली. माझ्या प्रश्नाची एक मुळी तिथवर जाते असं मला वाटलं.

सावद्याच्या पुढे ओळखीच्या एका नानांच्या बागेत कापणी चालू होती. मजूर पहाटेच आले होते. एक जण विळ्याने घड उतरवतो, दुसरा खांद्यावरच्या गादीवर तो झेलतो, की घड जमिनीला लागतच नाही. निर्यातीच्या मालाचं काम तर दवाखान्यासारखं. फण्या वेगळ्या करायच्या, तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, चीक निथळू द्यायचा, मग तेरा किलोच्या आसपासच्या खोक्यांत ओळीने लावायच्या. नाना प्रत्येक फणीवरून बोट फिरवून बघत होते. डाग असलेली बाजूला.

‘‘बाजूला काढलेल्याचं काय करता?’’ मी विचारलं.

‘‘वेफरवाले नेतात थोडी. बाकी लोकलला, मिळेल त्या भावात. भाव पडला की ढोरांना.’’

नाना नवती, पिलबाग, मृगबाग, कांदेबाग असे शब्द सहज बोलत होते. नवती म्हणजे नवी लागवड, पिलबाग म्हणजे कापल्यावर पिलापासून येणारं दुसरं पीक. पावसाच्या तोंडावर लावला तो मृगबाग, पावसाळा सरल्यावर लावला तो कांदेबाग. म्हणजे बारा महिने कुठे ना कुठे कापणी असतेच. इथेच माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. आंबा दोन महिन्यांत येऊन जातो, म्हणून त्याला डबा लागतो. केळं वर्षभर ताजं मिळतं, आणि रेल्वेने दिल्लीपर्यंत जातं. ताज्या केळ्यापेक्षा पत्र्याचा डबाच महाग पडेल.

उरलेलं अर्धं उत्तर प्रयोगशाळेतलं आहे, ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी ग्यानबाची मेख त्यातच आहे. डबाबंद पदार्थात ज्याची खरी भीती असते तो जंतू क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हवा नसलेल्या जागीच तो वाढतो आणि प्राणघातक विष तयार करतो. पण पदार्थ पुरेसा आंबट असेल तर त्याची वाढ होत नाही. ही सीमा सामू ४.६ ची. आंबा, अननस, टोमॅटो हे साधारणपणे तिच्या खाली असतात, म्हणून उकळत्या पाण्याची उष्णता त्यांना पुरते. मटार, मका तिच्या बरेच वर, म्हणून ते दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवावे लागतात. पिकलं केळं नेमकं त्या सीमेवर आणि तिच्या वर घोटाळतं. त्याला १२१ अंशांवर शिजवलं तर लगदा होतो, रंग तपकिरी, कधी गुलाबी, आणि चव शिळी. आम्ल घालून सामू खाली आणला तर सुरक्षित होतं, पण मग केळ्याचा गोडवा जातो. शिवाय केळं सोललं की हवेने काळं पडायला लागतं ते वेगळंच. आता केळ्याचा गर टिकवतात तो पातळ नळ्यांतून झटकन तापवून, लगेच थंड करून, निर्जंतुक पिशवीत भरून. ती पिशवी मोठ्या पिंपात बसते. हे तंत्र येईपर्यंत केळ्याला वाळवणं किंवा तळणं हेच मुख्य मार्ग होते.

नानांना मी हे सगळं बांधावर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग वाळवायचा कारखाना पुन्हा काढता येईल का?’’ या प्रश्नावर मी काही बोलू शकले नाही. ढोरांसमोर पडलेल्या फण्या मी येताना पाहिल्या होत्या.

परतताना रस्त्यालगतच्या एका दुकानात कच्च्या केळ्याचे वेफर थेट कढईवर किसून तळत होते. गरम कढईतून काढलेले, वर फक्त मीठ आणि मिरपूड. पाकीटबंद वेफरशी त्यांची तुलना करू नये. पाव किलो तिथेच संपले.

(कापणी बघायची असेल तर सकाळी दहाच्या आत बागेत पोचा. जुने, नकोसे झालेले कपडे घाला, कारण केळीच्या चिकाचे डाग कशानेच निघत नाहीत. माझी एक साडी गेली.)

दिवस तिसरा : अमळनेर

भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाडीने धरणगाव मागे टाकत अमळनेरला. साने गुरुजींनी जिथे शिकवलं ते गाव, प्रताप शेठजींचं तत्त्वज्ञान मंदिर असलेलं गाव. मी मात्र एका तुपाच्या डब्यासाठी आले होते.

२९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद हशम प्रेमजी यांनी इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. खान्देशात भुईमूग मुबलक, म्हणून वनस्पती तुपाचा कारखाना इथे. शेंगदाण्याच्या तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की पातळ तेल घट्ट, तुपासारखं रवाळ होतं. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती हे त्यांचं उत्पादन, आणि तेलातून उरलेल्या मालाचा ७८७ नावाचा कपड्यांचा साबण. १९६६ मध्ये वडील अचानक गेले तेव्हा अझीम प्रेमजी अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होते, वय २१. शिक्षण सोडून ते परत आले आणि या तेला-तुपाच्या कंपनीचा कारभार हाती घेतला. पुढे १९७७ मध्ये तिचं नाव लहान झालं : विप्रो. संगणकाची विप्रो सगळ्या जगाला माहीत आहे. तिच्या नावातला ‘वि’ वेस्टर्न इंडियाचा आहे आणि जन्म बोरी नदीकाठचा, हे खान्देशाबाहेर फार थोड्यांना ठाऊक असतं.

कारखान्याच्या आत जाणं शक्य नव्हतं, तशी अपेक्षाही नव्हती. फाटकासमोर उभी राहून भिंत बघत होते, तेवढ्यात समोरच्या टपरीवरच्या एका आप्पांनी हाक मारली, ‘‘काय देखाले उनात, माय?’’ म्हणजे, काय बघायला आलात?

‘‘जुना तुपाचा कारखाना,’’ मी म्हटलं.

आप्पांचं वय पंच्याऐंशीच्या पुढे असावं. त्यांनी खुर्ची सरकवली, चहा सांगितला. पुढचा दीड तास अहिराणी आणि मराठी मिसळून ते बोलत राहिले. ते स्वतः कारखान्यात नव्हते. शेंगा घेऊन येणाऱ्या गाड्यांवर हमाल होते. शेंगांच्या हंगामात बैलगाड्यांची रांग कशी लागायची, तेलाचा वास कपड्यांतून कसा जायचा नाही, हे त्यांनी सांगितलं. आणि मग डब्यांचं. वनस्पती तुपाचा पत्र्याचा रिकामा डबा म्हणजे त्या काळी घरातली संपत्ती. पाणी तापवायला, धान्य मोजायला, विहिरीचा पोहरा म्हणून, तुळस लावायला. डबा गळायला लागला की झाळणारा दारावर यायचा. पार फाटला की कापून घराच्या कौलाखाली ठोकायचा. ‘‘तूप खाणारा गेला, डबा राहिला,’’ आप्पा म्हणाले आणि डोळे पुसले. त्यांची पत्नी मागच्या वर्षी गेली होती, तिच्या माहेरून आलेला तसला डबा अजून घरात आहे. तो त्यांनी नातवाला आणायला लावला. आतून गंजलेला, कडा मऊ झालेल्या, बाजूची शिवण मात्र शाबूत. मी बोट फिरवून पाहिलं. झाळण एका रेषेत, एक थेंबही सांडलेला नाही. अठ्ठावीस वर्षं शिवणी तपासल्या, इतक्या जवळून हाताची कारागिरी पहिल्यांदा पाहिली.

आप्पांना मी डब्याची जुनी गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये निकोला अपेर नावाचा एक हलवाई होता. फळं, भाज्या, मटण काचेच्या बाटल्यांत घालून, बूच लावून उकळत्या पाण्यात ठेवलं की महिनोन्महिने टिकतं, हे त्याने वर्षानुवर्षं करून सिद्ध केलं. १८१० मध्ये सरकारने त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. का टिकतं, ते त्याला माहीत नव्हतं. जंतूंचा उलगडा पाश्चरने केला त्याला अजून अर्धं शतक होतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. ते वापरून ब्रायन डॉनकिन आणि जॉन हॉल यांनी १८१३ मध्ये लंडनच्या बर्मंडसी भागात डबाबंद अन्नाचा पहिला कारखाना चालू केला. त्यांचा मोठा गिऱ्हाईक आरमार. डबे हाताने झाळायचे, म्हणून एकेका कारागिराचे तासाला मोजकेच व्हायचे. उघडायला छिन्नी आणि हातोडा. डबा उघडायचं वेगळं हत्यार निघायला पुढे चाळीस वर्षं गेली.

आप्पांना यातलं छिन्नी-हातोड्याचं सगळ्यात पटलं. ‘‘आम्हीबी तसाच खोलायचो.’’

गावात विप्रोच्या शेअरच्या गोष्टी दर चौकात ऐकू येतात. सुरुवातीला इथल्या लोकांनी शंभर रुपयांचे शेअर घेतले, ते वर्षानुवर्षं विकले नाहीत, बोनस मिळत गेले आणि साधी धोतर-टोपीतली माणसं कोट्यधीश झाली. आप्पांनी घेतले नव्हते. त्याची खंत त्यांच्या बोलण्यात नव्हती. मला मात्र वाटत राहिलं की शेंगांची पोती उचलणाऱ्याच्या हाती एखादा तरी कागद लागायला हवा होता.

दुपारी तत्त्वज्ञान मंदिर पाहिलं. १९१६ मध्ये सुरू झालेली ही संस्था गिरणीच्या पैशावर उभी राहिली. प्रताप शेठजींनी कापड विणता विणता वेदान्तासाठी जागा केली. गाडीला वेळ असेल तर तासभर इथे नक्की घालवा, शांत वाटतं.

रात्री मावशीकडे शेवभाजी. तिखट इतकं की भाकरीशिवाय घास जात नाही.

दिवस चौथा : जैन हिल्स आणि गच्ची

सकाळी शिरसोली रस्त्याने जैन हिल्सला. इथे गांधीतीर्थ आहे. २५ मार्च २०१२ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याही जळगाव जिल्ह्याच्याच. कानाला यंत्र लावून दालनं बघत फिरायचं असतं. तीन तास हाताशी ठेवा, आणि सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

माझं लक्ष मात्र टेकडीवरून खाली दिसणाऱ्या शेतांकडे होतं. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन. सरकारी नोकरीची संधी सोडून १९६३ मध्ये घरच्या ७,००० रुपयांवर त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे शेतीला लागणाऱ्या मालाच्या एजन्सी. आणि एप्रिल १९७८ मध्ये बंद पडलेला केळी भुकटीचा कारखाना त्यांनी ३० लाखांना घेतला. त्या काळी ही रक्कम छातीत धडकी भरवणारी. भुकटी चालणारी नव्हती, म्हणून तीच यंत्रसामग्री बदलून त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन करायला घेतलं.

पपेन म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम). कच्च्या पपईला पहाटे उभे चरे मारायचे, पाझरणारा पांढरा चीक गोळा करायचा, लगेच वाळवायचा आणि शुद्ध करायचा. बिअर थंडीत गढूळ होऊ नये म्हणून, मांस मऊ करायला, औषधांत, त्याला परदेशात मागणी. चीक काढलेली पपई चऱ्यांमुळे बाजारात चालत नाही. तिची टुटीफ्रुटी होते. केकमधले ते लाल-हिरवे चौकोनी तुकडे मी आयुष्यभर तपासले. त्यांचा पपेनशी असलेला हा संबंध दर वेळी नव्याने आवडतो, काही वाया न जाणं हेच आमच्या धंद्याचं सौंदर्य.

पपेननंतर पाइप, मग ठिबक, मग आंब्याचा गर आणि वाळवलेला पांढरा कांदा. परवा बांधावर नानांच्या केळीला जे थेंब पडत होते, त्यांची सुरुवात एका फसलेल्या केळ्याच्या कारखान्यात आहे. केळ्याची भुकटी टिकली नाही, तिच्या राखेतून केळ्याला पाणी मिळालं. आणि त्यामुळे केळी आणखी वाढली, आणि बाजूला पडणाऱ्या फण्याही वाढल्या. नानांचा प्रश्न म्हणून मला अजून सोडत नाही.

संध्याकाळी गच्चीवर मावशी आणि शेजारच्या दोघी बिबडे घालत होत्या. ज्वारी भिजवून, भरडून, तीळ-लसूण-मिरची घालून शिजवलेलं पीठ, ओल्या फडक्यावर हाताने पातळ पसरायचं. पसरताना हाताला पाणी, नाहीतर पीठ चिकटतं. माझे बिबडे मधे जाड आणि कडेला फाटलेले झाले. शेजारच्या आक्कांनी न बोलता ते फडकं आपल्याकडे ओढून सारखे करून दिले. ओल्या पिठाचाच एक वाडगा वर कच्चं तेल टाकून हातात ठेवला. तो खायला तरी खान्देशात या.

निघताना मावशीने पिशवीत बिबडे, सात वांगी आणि नानांनी पाठवलेली, डाग पडलेल्या केळ्यांची एक फणी भरली.

नाशिकला आल्यावर ती फणी पिकू दिली. गर काढला, लिंबाचा रस घालत घालत पट्टीवर सामू ४.१ दिसेपर्यंत आणला, साखर बेताची, उकळून गरम असतानाच तीन बरण्यांत भरला, बरण्या पाण्यात उकळल्या. चिकटपट्टीवर तारीख आणि लॉट नंबर लिहिला, ‘सावदा १’. आज बारावा दिवस. रंग किंचित गुलाबी झाला आहे, झाकणं अजून आत ओढलेली आहेत. महिना पूर्ण झाला की एक उघडेन, आणि सगळं ठीक असेल तर दुसरी नानांना पाठवेन.